बाळ झोपल्यावरचा धंदा: मिनिटांची बेरीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरून व्यवसाय करणाऱ्या आयांवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात. सोबतचे छायाचित्र बहुतेकदा ठरलेले असते: मांडीवर बाळ, समोर लॅपटॉप किंवा शिवणयंत्र आणि चेहऱ्यावर हसू. मजकुरातला सल्लाही ठरलेला. बाळ झोपले की काम उरकून घ्यावे. हा सल्ला कोणी वाईट हेतूने देत नाही, पण देणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन मिनिटांची बेरीज-वजाबाकी केलेली नसते एवढे नक्की. ती एकदा छापली जावी म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषयच तुकड्या-तुकड्यांचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोप हवी असते, ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. पहिला आकडा ऐकून वाटते, पंधरा तास झोपणाऱ्या बाळाच्या आईला चार-सहा तास काम सहज जमावे. पण नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा निजवणे याला एका वेळी ४० मिनिटे धरली, तर दहा वेळांची ४०० मिनिटे होतात. म्हणजे जवळजवळ पावणेसात तास, आणि त्यातले निम्मे रात्रीचे. बाळाची दिवसाची झोप ही त्या रात्रीची भरपाई असते. ती धंद्याला दिली, की आईची झोप कुठून येणार याचे उत्तर कुठल्याच लेखात नसते. पहिल्या तीन महिन्यांत क्षमता शून्य धरावी. एखादा तास मिळालाच, तर तो वरकड समजावा. त्यावर कोणाला शब्द देऊ नये.

बाळंतपणाआधीचा हिशेबही बहुतेकींचा चुकतो, कारण सगळे नियोजन डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेभोवती होते. ठरल्या तारखेलाच जन्मणारी बाळे थोडी. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ कधीही येऊ शकते. म्हणून शेवटची ऑर्डर ३६ व्या आठवड्याच्या आत घराबाहेर पडलेली असावी आणि नवीन ऑर्डर घेणे त्याच्याही महिनाभर आधी थांबवावे. अर्धवट राहिलेल्या तीन ऑर्डरी दवाखान्यातून निस्तरण्यापेक्षा त्या न घेतलेल्या बऱ्या.

आता नऊ-दहा महिन्यांचे बाळ घेऊ. दिवसा दोन डुलक्या, प्रत्येकी सव्वा तास: एकूण १५० मिनिटे. प्रत्येक डुलकीतली पहिली १० मिनिटे बाळ खरेच झोपले की नाही हे पाहण्यात जातात. सामान मांडायला १० आणि बाळ उठायच्या आत आवरायला १०. दोन डुलक्यांचे हे झाले ६०. आईचे जेवण आणि आंघोळ यांना २५. उरली ६५ मिनिटे. आता एका नगाचा हिशेब. जी वस्तू करायला ४० मिनिटे लागतात, तिच्यामागे बांधणीची १२, गिऱ्हाइकाशी बोलण्याची ८ आणि नोंदीची ५ असतात. बेरीज ६५. म्हणजे दिवसाला एक नग. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा, आणि त्यातले दोन आजारपणाला, दात येण्याला, लसीनंतरच्या तापाला सोडून दिले की कबूल करता येण्याजोगे उरतात चार. आकडे प्रत्येक घरी वेगळे असतील, पण पद्धत हीच. सात दिवस डुलकी कधी सुरू झाली आणि कधी संपली एवढेच लिहून काढावे. सरासरी घेऊ नये. सातांतला दुसरा सर्वांत वाईट दिवस निवडावा आणि त्यावर कबुली द्यावी. सरासरीवर दिलेला शब्द निम्म्या वेळा मोडतो.

या गणितात आणखी एक खोच आहे, ती सहसा उशिरा लक्षात येते. दीड वर्षाच्या आसपास दोन डुलक्यांची एक होते आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही जाते. धंदा मात्र याच काळात वाढत असतो. जुने गिऱ्हाईक नवे आणते, मागणी चढती राहते. म्हणजे मागणी वर आणि वेळ खाली, अशा दोन उलट रेषा. डुलकीवर उभ्या केलेल्या धंद्याला बंद पडायची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली असते. ती यायच्या आत, मूल सव्वा वर्षाचे व्हायच्या सुमारास, रोजचे ठराविक तास मूल दुसऱ्याच्या हाती असेल अशी सोय उभी करावी लागते. ते ‘पुढे बघू’ या सदरात ढकलले, तर डुलकी गेलेल्या आठवड्यात सगळेच एकदम कोसळते.

मिनिटे किती याहून मोठा प्रश्न, ती मिनिटे कशी तुटतात हा आहे. घरगुती व्यवसायातले काम ‘महत्त्वाचे’ आणि ‘तातडीचे’ असे वाटून उपयोग नाही. ते मध्येच सोडावे लागले तर किती बिघडते, यावर वाटावे. घड्या घालणे, लेबले कापणे, खोकी दुमडून ठेवणे, मणी रंगांप्रमाणे लावणे ही कामे कुठल्याही क्षणी टाकून उठता येते. शिवण, विणकाम, भरतकाम यांत एक टप्पा गाठून उठावे लागते: शिवण टोकाला नेणे, ओळ पुरी करणे. हिशेब, डिझाइन, लेखन, भाषांतर या कामांत उठता केव्हाही येते, पण परत बसल्यावर सूर सापडायला दहा-पंधरा मिनिटे जातात. तासात तीनदा उठावे लागले, तर निम्मा किंवा त्याहून अधिक तास सूर शोधण्यातच जातो. आणि चौथा गट सोडताच न येणारा. दोन भाग मिसळून वापरायचा पाच मिनिटांत घट्ट होणारा गोंद, तापलेली इस्त्री, रंगाच्या पाण्यात बुडवलेले कापड, भट्टीतला माल, गिऱ्हाइकाशी व्हिडिओ कॉल, बँकेतून पैसे पाठवणे.

या चौथ्या गटातले काम डुलकीच्या भरवशावर कधीही काढू नये. लहान बाळाच्या झोपेचे एक आवर्तन पाऊण ते एक तासाचे असते. आवर्तन संपता संपता बाळ चाळवते आणि पुढचे जुळले नाही तर तिथेच जागे होते. सव्वा तासाची डुलकी म्हणूनच पुष्कळदा चाळीस मिनिटांत आटोपते. टप्प्याचे काम डुलकीच्या पहिल्या अर्ध्या तासात करावे, नंतरच्या वेळात सोडता येणारे. मूल जागे असताना, त्याच्या शेजारी बसून, फक्त पहिला गट. चौथा गट दुसरे कोणी मूल सांभाळत असेल तेव्हाच. कापड किंवा चामडे कापणे हेही मी चौथ्यातच टाकीन. शिवण उसवता येते, कापलेले जोडता येत नाही, आणि माप घेता घेता रडण्याचा आवाज आला की चुकीच्या रेषेवर कात्री चालते.

चुका होतात कुठे, तेही ठरलेले आहे. दोन ऑर्डरी एकाच टेबलावर उघड्या असताना मध्येच उठले, की पत्त्यांची अदलाबदल होते. मोजणी अर्ध्यावर सुटली, की नग कमी भरला जातो. पैसे पाठवून झाले की नाही हे आठवत नाही आणि ते दोनदा जातात. यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक ऑर्डरीला एक ताट किंवा उथळ खोके; त्यात माल, पत्त्याची चिठ्ठी आणि सुटे भाग एकत्र. टेबलावर एका वेळी एकच ताट. पार्सलवर पत्ता आधी चिकटवावा, माल नंतर भरावा. उलट क्रमाने केले, तर बंद झालेल्या दोन सारख्या खोक्यांत काय आहे हे कळायला मार्ग राहत नाही. मोजायचे असेल तर दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी, म्हणजे उठावे लागले तरी दहाच पुन्हा मोजावे लागतात. आणि उठण्यापूर्वी एक चिठ्ठी. तिच्यावर काय झाले ते लिहू नये, पुढची कृती लिहावी: ‘डावी बाही लावायची, दोरा बदलायचा’, ‘परिच्छेद तीनमधला आकडा तपासायचा’. झालेले काम समोर दिसतच असते. डोक्यातून उडते ते पुढचे पाऊल. दहा सेकंदांच्या या चिठ्ठीने परत बसल्यावरची दहा मिनिटे वाचतात.

‘मग रात्री जागा की’, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची एकाग्रता आणि हाताची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांतून दिसले आहे. पहाटे पाचला बाळाने उठवलेली आई रात्री दहाला नेमकी तिथे पोचते. तेव्हा रात्रीच्या वेळात धार, उष्णता आणि पैसा या तिघांना हात लावू नये. लेबले कापावीत, फोटोंना नावे द्यावीत, उद्याचे ताट लावावे आणि दिवा मालवावा. गिऱ्हाइकाला उत्तरे तर रात्री मुळीच देऊ नयेत. एकदा रात्री एक वाजता उत्तर मिळाले, की दुसऱ्या वेळी ते साडेबारापासून वाट बघते.

आता जागेचा प्रश्न. इथे जरा थांबून बोलायला हवे, कारण इतर चुकांनी माल बिघडतो, इथल्या चुकीने मूल. घरगुती धंद्यात मुलाच्या उंचीवर येणाऱ्या वस्तूंत सर्वांत घातक कोणती, असे विचारले तर कात्री असे उत्तर येते. खरे उत्तर बटनाएवढी बॅटरी हे आहे. छोटा वजनकाटा, टायमर, शोभेच्या दिव्यांची माळ, रिमोट, गाणारे भेटकार्ड, या सगळ्यांत ती असते. २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, की ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही अन्ननलिका भाजून निघू शकते. सेल ‘संपलेला’ असला तरी एवढ्याला पुरतो. लक्षणे सुरुवातीला साध्या सर्दी-खोकल्यासारखी, लाळ गळण्याची, न खाण्याची. संशय आला तरी थांबायचे नाही, उलटी करवायची नाही, थेट रुग्णालय आणि एक्स-रे. वजनकाट्याचे झाकण स्क्रूने बंद होणारेच घ्यावे. सरकवायचे असेल तर त्यावर पक्की चिकटपट्टी लावावी. काढलेले सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून त्याच दिवशी मुलाच्या आवाक्याबाहेर न्यावेत.

भेटवस्तूंच्या खोक्यांना आणि पर्सना लावायचे छोटे शक्तिशाली लोहचुंबक हे दुसरे. एकाहून अधिक गिळले गेले, तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत दाबून भोक पाडतात. बाकीच्या बारीक वस्तूंसाठी एक माप लक्षात ठेवावे. खेळण्यांची सुरक्षितता तपासायचे नळकांडे ३१.७ मिलिमीटर रुंद असते. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाता कामा नये. गोल चेंडूसारख्या वस्तूंची मर्यादा त्याहून मोठी, साधारण ४४ मिलिमीटर, कारण गोल वस्तू घसा पुरता बंद करते. बटणे, मणी, टिकल्या, हुक, पेनांची टोपणे, सिलिका जेलच्या पुड्या सगळे यात आले. सिलिका जेल विषारी फारसे नसते, पण पुडी घशात अडकते.

टाचण्या आणि सुया चुंबकाच्या वाटीत ठेवाव्यात आणि मोजून ठेवाव्यात. सुरुवातीला ४० होत्या तर उठताना ४० हव्यात, ३९ असतील तर मूल त्या खोलीत येणार नाही. गरम गोंदाची बंदूक उच्च तापमानाची असेल तर टोकाशी १९० अंश सेल्सियसच्या आसपास असते, ‘कमी तापमानाची’ म्हणून विकली जाणारी साधारण १२० अंशांची. दोन्ही भाजतात, आणि बंद केल्यावरही बराच वेळ. तिची आणि इस्त्रीची वायर टेबलाखाली लोंबू देऊ नये. रांगणारे मूल उभे राहताना हाताला लागेल ते धरून स्वतःला वर ओढते, आणि वायर ही धरायला फार सोयीची गोष्ट. रॅक भिंतीला स्क्रूने आवळलेले असावेत, जड माल तळाशी. रंगाच्या, धुण्याच्या बादलीत चार बोटे पाणीसुद्धा ठेवून उठू नये. डोके जड असल्यामुळे वाकून आत पडलेले मूल स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. रसायने, थिनर, रंग पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय तर आजच मोडावी.

बहुतेक बाळे सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान रांगू लागतात आणि लवकरच धरून उभी राहतात. आवराआवर रांगणे सुरू झाल्यावर नव्हे, सहाव्या महिन्यातच व्हावी. आणि कुंपण घालायचेच तर ते मुलाभोवती घालण्यापेक्षा कामाभोवती घालावे. मुलाला चौकटीत ठेवले, तर ते दहा मिनिटांत बाहेर काढा म्हणून रडते. टेबल, यंत्र आणि रॅक जाळीच्या आत घेतले आणि खोली मुलाला मोकळी ठेवली, तर तेच मूल अर्धा तास रमते. स्वतंत्र खोली नसेल, तर कुलूप लागणारे एक कपाट आणि चाकांची एक ट्रॉली एवढ्यात भागते. अट एकच: पूर्ण पसारा दोन मिनिटांत आत गेला पाहिजे. जात नसेल तर पसारा जास्त आहे.

बाळाला झोळीत किंवा पोटाशी बांधून काम करण्याबद्दल. फोनवर बोलणे, यादी करणे, फेऱ्या मारणे यांना ठीक. धार, उष्णता, यंत्र, वास येणारे रसायन, यांतले एकही असेल तर नाही. तसेच झुलत्या खुर्चीत किंवा गाडीच्या सीटमध्ये पायाशी ठेवून झोपवणेही नको. मान पुढे कलून श्वासाची वाट दबते. झोप म्हणजे पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी आणि सैल पांघरूण न ठेवता.

दुसऱ्याच्या हाती मूल द्यायचे आणि अंगावरचे दूध चालू ठेवायचे, तर काढलेल्या दुधाचे नियम पाठ हवेत. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, आणि तेही दारात नव्हे, आतल्या बाजूला. गोठवलेले दूध फ्रिजमध्ये उतरवून पातळ केले, की २४ तासांत संपवायचे, पुन्हा गोठवायचे नाही. बाळाने तोंड लावून उरलेले दोन तासांनंतर टाकायचे. खोली २५ अंशांहून गरम असेल, तर चार तासांचा भरवसा धरू नये. दूध काढण्यात जाणारी १५-२० मिनिटे कामाच्या वेळात मोजू नयेत. ती मोजली जातात, म्हणूनच तीन तासांच्या पाळीत दोनच तासांचे काम का झाले हे कोडे पडते.

ही पाळी कशी लावावी? रोज एक तास मिळाला, तर मांडण्या-आवरण्यात प्रत्येक वेळी २० मिनिटे जातात. सहा दिवसांत दोन तास गेले, उरले चार. तेच सहा तास तीन-तीनच्या दोन सलग पाळ्यांत घेतले, तर जातात ४० मिनिटे आणि उरतात पाच तास वीस मिनिटे. आजी, आजोबा, शेजारीण, पगारी बाई, पाळणाघर, कोणीही असो, ‘जमेल तेव्हा थोडा वेळ’ यापेक्षा ‘मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते एक’ अधिक मोलाचे. बाळाच्या वडिलांच्या बाबतीत ‘मदत’ हा शब्दच टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. मदत मागावी लागते आणि ती नाकारताही येते. पाळीचे तसे नसते. पाळी घेणाऱ्याने लंगोट कुठे आहेत हे बंद दाराआडून विचारू नये, एवढीच अपेक्षा.

पाळी बदलताना पाच मिनिटे आणि एक पाटी. शेवटचे दूध किंवा खाणे किती वाजता, शेवटची झोप कधी संपली, औषध कोणते, किती मात्रा आणि कधी दिले. औषधाची नोंद विसरली, की दोघांकडून दोन मात्रा जातात. आई घरातच असताना मूल दुसऱ्याकडे राहत नाही ही तक्रार खरी आहे, आणि तिला कारण आहे. आठव्या महिन्याच्या सुमारास मुलाला कळू लागते की समोरून गेलेली आई कुठेतरी असतेच. दहा ते अठरा महिने हा विरहाच्या रडण्याचा ऐन काळ. अशा वेळी मुलाची नजर चुकवून सटकले, तर ते पुढच्या वेळी नजरच हलवत नाही. सांगून, टाटा करून, त्याच दारातून, त्याच वेळी जावे. रडणे बहुधा थोड्या वेळात थांबते. थांबल्यावर पाणी प्यायला म्हणून बाहेर येऊ नये. पाण्याची बाटली आत घेऊन बसावे.

सांभाळणाऱ्याचा खर्च हा घरखर्च नाही, तो मालाच्या किमतीतला घटक आहे. किंमत म्हणजे साहित्य, अधिक सगळी मिनिटे (बांधणी, बोलणे, नोंद, कच्चा माल आणणे धरून) गुणिले आपला दर, अधिक त्या मिनिटांपुरता सांभाळण्याचा खर्च, अधिक वीज, यंत्राची झीज आणि खराब गेलेले नग. बहुतेक घरगुती किमतींत साहित्य दुप्पट केलेले असते आणि मिनिटे नसतातच. आजी फुकट सांभाळत असली तरी वहीत तो खर्च लिहावा. ती आजारी पडली किंवा तिला तिचे आयुष्य आठवले, की त्याच आठवड्यात पैसे देऊन माणूस बघावे लागते, आणि किंमत एकाएकी वाढवता येत नाही.

लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होणे हे सामान्य आहे; पाळणाघरात जाऊ लागल्यावर त्याहूनही जास्त. एकेक दुखणे सात ते दहा दिवसांचे. म्हणजे वर्षातले पन्नास-साठ दिवस विस्कळीत जाणार हे आजच माहीत आहे. जे आधीपासून माहीत असते त्याला अडचण म्हणू नये, वेळापत्रकात घालावे. गिऱ्हाइकाला तारीख नव्हे, आठवडा सांगावा, आणि आपल्या हिशेबाने तीन दिवस लागत असतील तर आठ सांगावेत. रांग भरली की ऑर्डरी बंद करून पुढची कधी उघडेल ते सांगावे. टिकणारा माल असेल तर बऱ्या आठवड्यात दोन-तीन नग जास्तीचे करून ठेवावेत. मूल तापलेल्या आठवड्यात तेच जातात. आगाऊ घेतलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि माल पोचेपर्यंत साहित्याव्यतिरिक्त कशालाही वापरू नये, कारण कधीतरी एक ऑर्डर परत करावीच लागते. उशीर होणार हे कळले त्याच दिवशी तीन वाक्ये पाठवावीत: माल अमुक दिवस उशिरा येईल, हवे असल्यास रक्कम परत मिळेल, कृपया उद्यापर्यंत कळवा. कारण एका शब्दात पुरे. मुलाच्या तापाचा आलेख गिऱ्हाइकाला नको असतो. संदेशांना दिवसातून दोन वेळा ठरवून घ्याव्यात, सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस, आणि तशी पाटी आपोआप जाणाऱ्या उत्तरात लावावी.

पडद्याबद्दल, म्हणजे टीव्ही-मोबाइलबद्दल, थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखलेल्या सूचनांत दोन वर्षांखाली पडदा नको आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाचा तो तास पाच-पाच मिनिटांनी दिवसभर ठिबकू देऊ नये. न सोडता येणारा एखादा कॉल असतो, त्याच्यासाठी राखावा. एरवी कामाला बसण्यापूर्वी दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून मुलाशी पूर्ण खेळावे आणि मग उठावे. आधी काम आणि मग खेळ असा क्रम लावला तर मूल पहिल्या मिनिटापासून ओढू लागते. खेळणी तीन खोक्यांत वाटून आठवड्याला एकच खोके बाहेर ठेवावे. तीन वर्षांचे मूल मोठे रंगीत तुकडे वेगळे करणे, रिकाम्या खोक्यांवर चित्रे चिकटवणे आनंदाने करते. ते काम म्हणून मोजू नये. तो त्याचा खेळ.

आईबद्दल एकच. उदासी, चिडचिड किंवा झोप मिळूनही न येणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते ऑर्डरींचे ओझे आहे असे समजून ऑर्डरी कमी करत बसू नये. डॉक्टरांकडे जावे. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचार असलेला आजार आहे.

संपादक महोदय, अशा व्यवसायांवर लिहू नका असे म्हणणे नाही. जरूर लिहा. फक्त मुलाखत घेताना तीन आकडे विचारावेत आणि ते उत्पन्नाच्या आकड्याशेजारी छापावेत: आठवड्यात सलग तासाच्या वरचे किती तुकडे मिळतात, त्या वेळात मूल कोणाकडे असते, आणि गेल्या तीन महिन्यांत किती ऑर्डरी नाकारल्या. वाचणाऱ्या आईला आपला हिशेब मांडायला एवढे पुरेल. आणि छायाचित्र निवडताना जमल्यास बघावे, मांडीवरच्या त्या बाळाच्या हाताशी इस्त्रीची वायर नसावी.

आपली,
एक वाचक